पांढरा पट्टा

फुकट हसणाऱ्या माणसावर माझा कधीच विश्वास बसला नाही. धक्क्यावर बसून आल्याच्या पाकातला गरम तोफू विकायचा म्हटलं की लाँचमधून कोण उतरलं, कशाला आलं आणि परत जाताना त्याची पिशवी का फुगली, हे न बघता दिसतं. त्यामुळे जंगलखात्याचा म्हातारा साहेब, ज्याला आम्ही सगळे दाढीवाला म्हणायचो, तो पेट्या घेऊन हाँगकाँगच्या लाँचमध्ये चढला आणि आम्हा सगळ्यांकडे बघून हसला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षं या माणसानं आमच्या डोंगरावर नेच्याची पानं गोळा करण्यापलीकडे काही केलं नव्हतं. कुणाशी हसला तर नव्हताच.

त्याच्या जागी सिलोनहून एक आला. उंच, मान पुढे काढून चालणारा. गावानं त्याच दिवशी त्याचं नाव बगळा ठेवलं. बगळ्यानं आल्या आल्या खात्यात उलथापालथ केली. जाड्या मोक, जो आमच्या नाम-केंग गावच्या वरच्या डोंगराचा रखवालदार होता, तो घरी बसला. त्याचा मेहुणाही घरी. बाकीच्यांची बदली पार पलीकडच्या खोऱ्यात. जुन्यातला एकच माणूस जागेवर राहिला, आणि नुसता राहिला नाही, त्याला मुख्य रखवालदार केलं.

तो म्हणजे याऊ शू-सांग.

आता शू-सांग कोण, ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्याची आई लाई-पो. लाई घराण्यातून आलेली म्हणून सगळे तिला लाई-पो म्हणत. तिची आधीची दोन मुलं अंगावर पीत असतानाच गेली. हा तिसराही जन्मला तो निळाजांभळा. दूध टिकेना, रडायचंही त्राण नाही. तेव्हा तिनं त्याला पाठीशी बांधलं, गावामागच्या राईत सगळ्यात वर जे जुनं कापराचं झाड आहे तिथं नेलं, बुंध्याला लाल कागद चिकटवला, उदबत्त्या लावल्या आणि पोर त्या झाडाला देऊन टाकलं. 'आजपासून हा तुझा. मी नुसती सांभाळणारी.' नावही तेच ठेवलं, शू-सांग, झाडाला जन्मलेला. आमच्याकडे अशी पोरं असतात, कुणी दगडाला दिलेली, कुणी विहिरीला. पण यानं ते नातं पाळलं. दर नव्या वर्षाला चहा आणि डुकराच्या मांसाचा तुकडा घेऊन वर जायचा, गुडघे टेकून त्या झाडाला 'बाबा' म्हणायचा. लग्न झालं तेव्हा बायकोला आधी झाडापाशी नेलं, मग घरात.

वाढला चांगला, धट्टाकट्टा. फक्त बोलायला संथ. काही विचारलं की आधी खाली बघायचा, मग लांब बघायचा, मग उत्तर द्यायचा. तोवर समोरच्याला वाटायचं, हा काहीतरी रचतोय. माझं नाव हिंग, पण मला तो हिंग-जे म्हणायचा, म्हणजे हिंगताई. सख्ख्या थोरल्या बहिणीलाही कुणी इतक्या मानानं हाक मारत नाही.

मोकच्या काळात सगळं सुखानं चालायचं. बायका सरकारी पाईनच्या फांद्या सरपणाला तोडायच्या, मोक वळणावर आला की मोठ्यानं खोकायचा, बायका पसार. सणाला त्याच्या घरी कोंबडी पोचायची. शू-सांग मात्र खोकायचा नाही. सरळ समोर येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "खालच्या सुक्या घ्या. शेंडा तोडू नका." कोंबडीही घ्यायचा नाही. आता तुम्हीच सांगा, कोंबडी न घेणाऱ्या रखवालदाराचं गावानं करायचं काय?

म्हणून सगळे गेले आणि हा एकटा राहिला, तेव्हा गावाला कोडं सुटलं.

"चुगली केली त्यानं," मोक माझ्या बाकावर बसून सांगायचा. नोकरी गेल्यापासून तो रोज यायचा, धक्क्यावर दुसरं काम काय! "गोगलगाय, पोटात पाय. एवढा गप्प माणूस साहेबाला काय काय सांगत असेल?"

"तुझं सांगायला साहेबाला कान लांब करायला नकोत," मी म्हटलं. "तुझं पोटच सांगतं कोंबड्या किती गेल्या ते."

बायका हसल्या, पण डोळे हसले नाहीत. मला दिसत होतं ना.

मी स्वतः संशयी आहे, नाही म्हणत नाही. पण मी संशय आला की विचारून घेते. साहेबाचा दुभाषा माझ्याकडे खायला यायचा, त्याला विचारलं. मग लाँचच्या तांडेलाला वेगळं विचारलं. मग साहेबाच्या स्वयंपाक्याला. तिघांनी एकच सांगितलं. बगळा पहिल्यांदा न कळवता डोंगरावर आला, त्या दिवशी मोकच्या नातवाचं बारसं होतं. सगळे रखवालदार त्याच्या अंगणात डुक्कर खात बसलेले. शू-सांगची पाळी होती म्हणून तो एकटा वर होता. साहेबाला डोंगराची वाट दाखवायला माणूस हवा होता, तो हाच सापडला. बस, एवढंच!

मी हे गावात सांगितलं. तर मलाच विचारलं, "हिंग, तुला किती मिळाले गं?" कानाला खडा लावला मी.

त्या शरदात थडगी झाडायच्या सणाला कुणाच्या तरी उदबत्तीची ठिणगी गवतात पडली. निम्मा डोंगर जळाला, पाईनची कोवळी झाडं सगळी गेली. बगळ्यानं ठरवलं की डोंगराच्या अंगावरून एक मोकळा पट्टा काढायचा, झाडंझुडपं सगळी साफ, म्हणजे आग ओलांडणार नाही. काठ्या रोवून रेघ आखली. रेघ गेली राईच्या वरच्या कडेतून. कापराचं झाड नेमकं मध्ये.

दुभाष्यानं मला सांगितलं, त्या दिवशी शू-सांग साहेबाच्या वाटेत आडवा उभा राहिला आणि उभ्या जन्मात बोलला नसेल इतका बोलला. ती राई गावाची पाठ आहे. ती गेली तर गाव उघडं पडेल, वारा सरळ घरात शिरेल, पोरं दगावतील. आपल्या बाबांचं बोलला की नाही ते दुभाष्याला आठवत नव्हतं. बगळा ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, ठीक आहे, जी झाडं ठेवायची त्यांना तू स्वतः चुन्याचा पट्टा मार. पट्टा असलेलं राहील. बाकी सगळं पडेल.

इथंच खरी मेख होती. दाढीवाल्याच्या काळात चुन्याचा पट्टा मारायचे तो पाडायच्या झाडाला. डोंगरातलं शेंबडं पोरही ते जाणून होतं. शू-सांगनं दुभाष्याला सांगून पाहिलं, "आमच्याकडे उलटं आहे, दुसरा रंग घ्या." साहेब म्हणाला, सिलोनमध्ये असंच करतात. संपलं!

मग शू-सांग बादली आणि कुंचा घेऊन भर दिवसा राईत गेला आणि त्यानं सगळ्या गावासमोर झाडांना पांढरे पट्टे मारले. पांढरा. आम्ही मयताला नेसतो तो रंग. सगळ्यात मोठा पट्टा कापराच्या झाडाला, जिथं त्याच्या आईनं लाल कागद लावला होता त्याच्या बरोबर वर.

तो घरोघर गेला. "पांढरं म्हणजे वाचलं," म्हणाला. "नवा साहेब, नवी रीत." खाली बघत, लांब बघत, थांबत थांबत. आणि लोक ऐकताना त्याच्या तोंडाकडे बघत होते, हा कुठे अडतो ते. आपल्या घरात त्यानं आईला सांगितलं. लाई-पोनं सगळं ऐकलं आणि त्याच्या वाटीत भात वाढला.

तेवढ्यात हाँगकाँगहून हुकूम आला, मुख्य रखवालदाराचा पितळी बिल्ला घ्यायला या. लाँचची वाट बघत तो माझ्याकडे बसला होता.

"आत्ता जाऊ नकोस," मी म्हटलं. "मजूर येऊन जाऊ देत. बिल्ल्याला काय पाय फुटतात?"

तो खाली बघत राहिला. मग लांब, पाण्याकडे. "हुकूम आहे, हिंग-जे. पट्टे मारलेत ना मी. माझ्या हातानं मारलेत."

लाँच सुटली आणि मोक माझ्यासमोरच बायकांना म्हणाला, "बघितलंत? बाप मरताना बघवणार नाही म्हणून पळाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराला आलेल्या बायकांच्या हातांना तेलकट वास येत होता. चहाच्या बियांच्या पेंडीचा, जिनं आम्ही केस धुतो. खूश होत्या. एकीनं नखातला चुना दाखवून सांगितलं, "सगळे पट्टे घासून काढले, हिंग! एकाही झाडाला पांढरा ठिपका ठेवला नाही. आता येऊ देत मजुरांना, बघू काय तोडतात ते!"

माझ्या हातातलं पातेलंच सुटलं. "अगं बायांनो, काय करून बसलात!" दुकान तसंच टाकून मी डोंगर चढले. या वयात, या गुडघ्यांनी, पण चढले.

पोचले तेव्हा मजूर आलेले होते. शहरातल्या ठेकेदाराची माणसं, इथलं कुणी नाही. बायका हात पसरून कापराच्या झाडासमोर उभ्या होत्या आणि लाई-पो सगळ्यांच्या पुढे. ती मुकादमाला बुंधा दाखवत होती. स्वच्छ, ओला, पेंडीनं चकचकीत झालेला.

"नीट बघ, बाळा. पट्टा नाही याला! कुठेच नाही!"

मुकादमानं झाडाला एक फेरी मारली, अगदी मनापासून बघितलं. "खरंच की, आजी, नाही पट्टा," तो म्हणाला. "मग व्हा बाजूला. पट्टा नाही ते सगळं पाडायचंय."

मग लाई-पोच्या तोंडातून असा आवाज निघाला, मी तो पुन्हा कधी ऐकला नाही आणि मला ऐकायचाही नाही. "होता! पट्टा होता! आम्ही पुसला! माझ्या मुलानं मारला होता, मी पुसला!"

"प्रत्येक गावात आजीबाई हेच सांगते," मुकादम म्हणाला. चिडून नाही, कंटाळून. मी पुढे होऊन सांगायला लागले, तर मला म्हणाला, "आणि तुझं झाड कोणतं, मावशी?"

कुणावर चिडू मी? त्याला मिळालेला हुकूम त्यानं पाळला. संध्याकाळपर्यंत सगळ्या डोंगरावर कापराचा वास होता. कपड्यांच्या पेट्या उघडल्यासारखा.

शू-सांग परत आला तेव्हा छातीवर बिल्ला होता आणि तो हसत होता. धक्क्यावर उतरल्या उतरल्या त्यानं विचारलं, "गावात सगळं ठीक?"

"आधी खाऊन घे," मी वाडगा पुढे केला. "पैसे राहू देत."

तो वाडग्याकडे बघत राहिला. "हिंग-जे," तो म्हणाला, "पैसे राहू देत असं तू आजवर कुणाला म्हणाली नाहीस." या वेळी मात्र तो लांब बघायला थांबला नाही. सरळ माझ्याकडे बघितलं, आणि मला सांगावं लागलं. तोफूला हात न लावता वर राईकडे गेला, मी मागोमाग.

लाई-पो कापराच्या झाडाच्या थोटकावर बसून होती. घरी जायला तयार नव्हती. गाव सगळं अंतरावर उभं, मोकही होता, मान खाली घालून.

"कुणी पुसले?" शू-सांगनं विचारलं.

"मी," आई म्हणाली. "पहिला मी. मग बाकीच्यांनी."

"तुला सांगितलं होतं मी, आई."

"सांगितलं होतंस. पण मला वाटलं, सगळ्यांना काढलं आणि तुलाच ठेवलं, म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय. मला वाटलं, माझं पोरगं पण त्यांचंच झालं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं तिला हात धरून उठवलं आणि घरी नेलं. बाप गेल्यावर मुलगा जितकं सुतक पाळतो तितकं त्यानं त्या झाडाचं पाळलं, शेवटच्या दिवसापर्यंत, दंडाला कच्च्या तागाची पट्टी बांधून. साहेबासमोरही सोडली नाही. आणि लाई-पो तेव्हापासून त्याच्या प्रत्येक शिंकेला घाबरायची. ज्याच्या भरवशावर पोर जगलं तो गेला होता ना, आणि तिच्याच हातानं.

बगळा फार टिकला नाही. त्याला आफ्रिकेला पाठवलं. जाताना तो मेलाही हसला. त्याच्यामागून जो आला तो वर्षभर अंथरुणाला खिळून होता. मग आणखी एक यायचा होता.

त्याच सुमाराला मी एकदा वर गेले होते. त्या थोटकातून कोंब फुटून कमरेएवढे झाले होते. कापूर असा सहजी मरत नाही. आगीचा पट्टा पुन्हा साफ करायचा निघाला होता, मजूर दुसऱ्या दिवशी येणार होते. शू-सांग चुन्याची बादली घेऊन कोंबांसमोर उभा. लाई-पोही काठी टेकत आली होती, आता पार वाकलेली.

"बोल रे," ती म्हणाली. "लावायचा का पांढरा? तू म्हणशील तसं. तू सांग, मी दुसऱ्या कुणाचं ऐकायची नाही."

इतक्या वर्षांनी म्हणाली ती हे. शू-सांगनं खाली बघितलं. मग लांब बघितलं, धक्क्याकडे, जिथं नव्या साहेबाची लाँच नुकती लागत होती.

"मलाच माहीत नाही, आई," तो म्हणाला. "या साहेबाचं पांढरं कसलं, ते अजून कुणी सांगितलेलं नाही."

कुंचा बादलीतच राहिला. चुना वर सुकत चालला होता आणि ती दोघं तशीच उभी होती.