होडीतल्या मुलीचा प्रश्न

ती कादंबरी मी दहावीच्या सुट्टीत पहिल्यांदा वाचली. वसई गावातल्या वाचनालयाची प्रत होती, पाठीला खाकी कागद चिकटवलेली. पुढच्या दोन वर्षांत मी ती इतक्यांदा घरी आणली, की वाचनालयातल्या बाई माझं कार्ड न बघताच शिक्का मारायच्या. खाडीवर होडी चालवणाऱ्या एका बाईची गोष्ट होती ती. नवरा काही न सांगता निघून गेलेला, आणि ही त्याचीच होडी घेऊन गावातल्या माणसांना पलीकडे नेते-आणते. भुईगावात आमची केळीची वाडी. होडीशी आमचा काही संबंध नाही. तरी ती बाई मला आमच्या ओळखीची वाटायची. शेजारच्या ख्रिस्ती आळीत एक मावशी होत्या, कमी बोलणाऱ्या, उंच. त्यांचा चेहरा मी तिला देऊन टाकला होता.

माझी बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान. पुस्तक हातात घेतलं की तिला जांभया यायच्या. वाच म्हटलं की म्हणायची, "तू सांगतेसच की रोज." (घरी आम्ही आमची बोली बोलायचो. इथे शाळेतल्या मराठीत लिहिते आहे.)

मी बारावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात गावात कळलं, की त्या कादंबरीवर पिक्चर निघतोय आणि थोडं शूटिंग आमच्या किनाऱ्यावर आहे. मी रोज सकाळी जाऊन सुरूच्या झाडांखाली उभी राहायचे. पुस्तक पिशवीत असायचं. बघण्यापेक्षा माझं तपासणंच जास्त चालायचं. पुस्तकातलं लुगडं विटकं होतं, हे कोरं करकरीत. होडी उगाच हिरवी रंगवलेली. आणि ती नटी, माझ्या मावशींहून फारच गोरी आणि नाजूक.

तिसऱ्या दिवशी आईने बहिणीला मला बोलवायला पाठवलं. घरी केळीची पानं बांधायची होती. दोन वेण्या, एक सुटत आलेली, पायात बाबांच्या चपला, अशी ती वाळूतून धावत आली. साहाय्यक दिग्दर्शकाने तिला पाहिलं आणि आपल्या माणसांना म्हणाला, "ही चालेल."

कशाला चालेल ते मला लगेच कळलं. पुस्तकात एक प्रसंग आहे. होडी मधोमध आल्यावर शाळेत जाणारी एक मुलगी त्या बाईला विचारते, "तुम्हाला पोहता येतं?" बाई म्हणते, "नाही." आणि वल्हवत राहते. अख्ख्या कादंबरीत मला सगळ्यात आवडणारी जागा तीच. ती दोन वाक्यं मी आंघोळ करतानासुद्धा म्हणत असे, दोघींच्या आवाजात.

मी पुढे होऊन म्हणाले, "मला ते वाक्य पाठ आहे. पुढचं मागचंही पाठ आहे."

तो माणूस सभ्य होता. त्याने मला एकदा नीट पाहिलं आणि म्हणाला, "तू मोठी दिसतेस गं. शाळकरी मुलगी हवी. पण बरं झालं, तूच हिला शिकव."

बहीण घाबरून माझा हात धरून उभी होती. "ताई, मला नाही जमणार," ती म्हणाली. मी म्हणाले, "जमेल. एवढंसं तर वाक्य आहे." आम्ही सुरूच्या झाडाखाली बसलो. पुस्तकात लिहिलं होतं, की मुलगी होडीची कड घट्ट धरून, भीतीने बारीक झालेल्या आवाजात विचारते. माझ्या पिशवीतच होतं ते. पण मी बहिणीला सांगितलं, "हसत विचार. चेष्टा केल्यासारखं. मोठ्याने." तिने तसं करून दाखवलं. मी म्हणाले, "छान."

हे मी का केलं, ते मला तेव्हाही पुरतं माहीत होतं. तिने ते बिघडवावं आणि त्यांनी तिला होडीतून उतरवावं, एवढंच मला हवं होतं.

पहिल्यांदा ती खिदळत बोलली. दिग्दर्शकाने हात वर करून थांबवलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळेला भरतीचं पाणी वाढलं होतं आणि होडी बरीच हलायला लागली होती. बहिणीने दोन्ही हातांनी कड धरली आणि तिच्या तोंडून शब्द कसेबसे बाहेर पडले. दिग्दर्शक म्हणाला, "झालं. हेच पाहिजे होतं." मला मात्र तिथे उभं राहवेना. पानं बांधायचं निमित्त काढून मी एकटीच घरी आले.

पुढचं वर्षभर आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला आई ती हकिकत सांगायची. मी कॉलेजला जाऊ लागले होते. मला चांगले मार्क होते, पण ते कुणी विचारत नव्हतं.

पिक्चर वसईत लागला तेव्हा मी बहिणीला म्हणाले, "आधी पुस्तक वाच. चार दिवसांचं काम आहे. ज्याच्यात आपण आहोत ते नेमकं काय आहे, ते तरी कळायला नको का?"

ती म्हणाली, "नको. आधी पिक्चर. पुस्तक वाचलं तर मला सगळं तुझ्यासारखंच दिसेल."

तिला टोचायचं नव्हतं, पण मला ते टोचलं. एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. पारनाका यायच्या आत मी तिला आजवर राखून ठेवलेला शेवट सांगून टाकला. शेवटी म्हातारा झालेला नवरा परत येतो आणि उतारू म्हणून होडीत बसतो. ती त्याला ओळखते, काही बोलत नाही, पलीकडे उतरवते आणि होडी वळवते. बहीण खिडकीबाहेर बघत होती. "का सांगितलंस?" एवढंच म्हणाली.

थिएटरात भुईगावची बरीच माणसं होती. तिचा प्रश्न आला तेव्हा शिट्ट्या वाजल्या. अंधारात माझेही ओठ हलले. पण शेवट वेगळाच निघाला. होडीवाली वल्हं टाकून नवऱ्याच्या गळ्यात पडली आणि गाणं सुरू झालं. बाहेर येताना बहीण म्हणाली, "तू खोटं सांगितलंस."

"पुस्तकात तसंच आहे."

"मी बघते," ती म्हणाली, आणि घरी आल्या आल्या तिने माझ्याकडून पुस्तक मागून घेतलं.

तीन दिवस ती ओट्यावर बसून वाचत होती. मी येता-जाता बघायचे. मी जिथे कधी हसले नव्हते तिथे ती हसायची. मध्येच पुस्तक मांडीवर पालथं घालून समोरच्या केळींकडे बघत बसायची. माझं वाचून कधीच झालं होतं. तिला पुढचं पान अजून माहीत नव्हतं, याचाच मला हेवा वाटत होता. होडीत बसली म्हणून वाटला नव्हता इतका.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पुस्तक घेऊन माझ्यापाशी आली. एका पानावर तिचं बोट होतं.

"इथे लिहिलंय मुलगी घाबरलेली होती. तू मला हसत विचारायला सांगितलं होतंस."

मी केस विंचरत होते. विसरले असं म्हणता आलं असतं, पण ते पुस्तक मला किती पाठ आहे हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "तुझं चुकावं म्हणून सांगितलं."

तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "मी तुझंच ऐकून होडीत बसले होते ना." आणि आत निघून गेली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. आईने काय झालं विचारलं, तर दोघींनीही काही सांगितलं नाही.

रविवारी ती आपण होऊन म्हणाली, "ताई, पिक्चर परत बघूया का? आता मला नीट बघायचाय." आम्ही गेलो, तर थिएटरवर दुसऱ्याच पिक्चरचं पोस्टर लागलं होतं. तिथून चालत स्टँडवर आलो आणि एसटीची वाट बघत बाकावर बसलो.

ती म्हणाली, "वाचताना मला सारखी ती नटीच दिसत होती. तुला कोण दिसायचं?"

मी मावशींचा चेहरा आठवायला गेले. होडी दिसली, वल्हं दिसलं, वर चेहरा नटीचा. मावशी रोज समोरून जायच्या, पण होडीत काही केल्या बसेनात.

"आता तीच दिसते," मी म्हणाले.

"मग झालं तर," बहीण म्हणाली, आणि स्टँडवरून शेंगा घेऊन आली. सोलता सोलता पुस्तकातल्या ज्या ज्या गोष्टी पिक्चरमध्ये घेतल्या नव्हत्या, त्या ती मला एकेक सांगायला लागली, जणू मी त्या कधी वाचल्याच नव्हत्या. मी तिला थांबवलं नाही.