जिचं अंग तिलाच सोडून

आमची आत्या शिवणकाम करते. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे कपडे तिच्या मशीनखालून गेलेत. माप देताना कुणी पोट आत ओढलं, तर बाई श्वास सोडेपर्यंत ती टेप तशीच धरून ठेवते. अशा बाईपासून तिच्याच आजाराची माहिती लपवायची, ही अक्कल माझ्या बाबांची, म्हणजे तिच्या थोरल्या भावाची.

छातीतली गाठ काढल्यावर डॉक्टरांनी केमो सांगितली, दर तीन आठवड्यांनी. पुढे काय काय होईल तेही सांगितलं, पण बाबांना, खोलीबाहेर नेऊन. बाबा म्हणाले, ती घाबरेल, मी बघतो. डॉक्टरांनी मान डोलावली. कशी डोलावली, हे मला आजही कळत नाही.

पहिल्या केमोनंतर उलट्या झाल्या, मग तोंड असं आलं की पाणीसुद्धा झोंबायचं. विंचरताना केसांचे पुंजके हातात यायला लागले. आत्याला वाटलं, औषध लागू पडत नाही, आपलं संपलं. बाबांचं एकच पालुपद, अशक्तपणा आहे, होईल बरं.

दुसऱ्या केमोनंतर आठवड्याभराने तिला ताप भरला. बाबा कामाला बाहेरगावी. तिने घरातली गोळी घेतली आणि पांघरूण ओढून पडली. दुपारी मी डबा घेऊन गेले, तर अंग भाजत होतं आणि ती काहीबाही बरळत होती. मी गाडी करून तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाई माझ्यावरच उखडल्या. केमोत रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, ताप आला की घरी बसायचं नसतं, तडक यायचं, हे सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं की. जिला सांगायचं तिला सोडून.

आत्या थोडक्यात वाचली. पुढच्या खेपेला डॉक्टर सवयीने बाबांकडे बघून बोलू लागले, तेव्हा तिने खुर्ची पुढे ओढली.

"सुया मला टोचता ना? मग बोला माझ्याशी."

बाबा पुटपुटले, तू घाबरली असतीस.

"आणि न सांगता काय मी हसत होते, दादा? झोपताना रोज वाटायचं, उद्या काही मी उठत नाही."

डॉक्टर ओशाळले. मग नीट बसून त्यांनी सगळं सांगितलं. बोटं बधिर होऊ शकतात. पेशी कमी भरल्या तर केमो पुढे ढकलतात, पण म्हणून आजार वाढला असं नसतं. पुढची केमो खरंच लांबली. बाबांचा चेहरा उतरला. आत्या घरी येऊन स्वस्थ झोपली.

केमो संपून आता बरेच महिने झाले. तपासणीत सध्या काही दिसत नाही. केस आलेत, चक्क कुरळे. बोटांची टोकं मात्र अजून बधिर आहेत, सुईत दोरा शेजारीण ओवून देते. बाबांशी आत्या बोलते, पण कामापुरतं. ते म्हणतात, मी तिच्या भल्यासाठीच केलं. असेल. माझा राग काही गेलेला नाही, आणि मला त्याची घाईही नाही.