कार्डावरच्या सात सह्या

मीटरचा काटा हलल्याशिवाय मी बायकोच्या बोलण्यावरही विश्वास ठेवत नाही, असं आमच्या घरात म्हणतात. इलेक्ट्रिकलचा आयटीआय केलेला माणूस. कुणी भानामतीची गोष्ट सांगायला लागलं की मी मध्येच वायरिंगबद्दल विचारायचो. त्यामुळे खाली लिहितोय ते वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. मी ऐकणारा असतो तर मीही हसलो असतो. पण या प्रकारात माझी स्वतःची लबाडी अडकलेली आहे, आणि कुणी स्वतःची लबाडी उगाच रचून सांगत नाही, एवढं लक्षात घ्या.

नव्वदीच्या शेवटाची गोष्ट. तेव्हा बीड तालुक्यात डोंगरावरच्या काही वस्त्यांवर, जिथं वीज पोचली नव्हती, तिथं एका संस्थेनं सरकारी योजनेतून सोलरचे दिवे बसवले होते. घरामागं पत्र्यावर एक पॅनल, आत लाकडी पेटीत बॅटरी, आणि दोन छोट्या ट्यूब. दिवे बसवून पाच-सहा वर्षं झाली होती, बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. म्हणून दर महिन्याला चेकिंग करायला मला कंत्राटावर ठेवलं होतं. काम साधं... पॅनल पुसायचं, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरायचं, टर्मिनलला व्हॅसलीन लावायचं. मग हायड्रोमीटर — म्हणजे रबरी फुगा लावलेली काचेची नळी — बॅटरीच्या प्रत्येक सेलमध्ये, म्हणजे कप्प्यात, बुडवून रीडिंग घ्यायचं. चांगल्या बॅटरीचं रीडिंग बाराशे चाळीसच्या आसपास; आकडा उतरला की बॅटरी थकली. ते घराच्या भिंतीवरच्या कार्डावर लिहून सही करायची आणि तेच आपल्या रजिस्टरमध्ये उतरवायचं. रजिस्टर वर्षातून एकदा, मार्चअखेर ऑफिसला जाणार. नवी बॅटरी कुणाला द्यायची ते साहेब रजिस्टर बघून ठरवणार.

माझ्याकडच्या घरांत सगळ्यात लांबचं घर गयाबाईंचं. मांजरसुंब्याच्या पुढं नेकनूरच्या अंगाला उतरायचं, गाडी रस्त्यावर लावायची आणि तासभर डोंगर चढायचा. वर पाच घरांची वस्ती, त्यात सोलर एकट्या गयाबाईंकडं, कारण त्या वस्तीची सुईण. आसपासच्या वाड्यांतली बाळंतपणं त्याच करायच्या. पन्नाशीच्या पुढच्या, काटक आणि बोलायला फटकळ.

त्याच काळात बीडमध्ये घरोघरी केबल यायला लागली. डिश बसवायची, वायरी ओढायच्या... एका दिवसात चार घरं व्हायची. मी चेकिंगच्या दिवशी गच्च्यांवर चढायला लागलो. जवळची घरं उरकून घ्यायचो. गयाबाईंचा डोंगर मात्र राहून जायचा. मग मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर चहा सांगायचा, रजिस्टर काढायचं, मनाला येईल ती तारीख टाकायची आणि पुढं लिहायचं — १२४०, १२४०, १२४०... सगळे सेल ठीक. असे सात महिने गेले. लाज वाटली का? पहिल्या महिन्यात वाटली. नंतर सवय झाली.

मार्च महिन्यात निरोप आला की सोमवारी साहेब स्वतः येणार, भिंतीवरची कार्डं आणि रजिस्टर ताडून बघणार. गयाबाईंच्या कार्डावर सात महिन्यांच्या जागा कोऱ्या असणार! शनिवारी मी खिशात तीन पेनं घेतली — निळं, काळं आणि एक अर्धवट वाळलेलं — आणि डोंगर चढायला लागलो. सात ओळी एकाच शाईत लिहिल्या तर साहेब ओळखतील म्हणून तीन पेनं. इतकं डोकं मी कामात कधी चालवलं नव्हतं.

ऐन दुपार. वस्ती सामसूम होती. धडधाकट माणसं सगळी माजलगावकडं ऊसतोडीला गेलेली, मागं दोन-चार म्हातारी माणसं आणि शेरडं. गयाबाई दारातच बसल्या होत्या. शेजारी त्यांची लेक सुमन, दिवस भरत आलेली, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. सात महिने दिवा तपासला नाही म्हणून शिव्या बसणार, या तयारीनंच मी चपला काढल्या. तर गयाबाई म्हणाल्या,

"आज दुपारचं कसं काय? तुमी तर सकाळच्या पारी येताव. आन् सा दिस न्हाई झाले येऊन गेलताव की."

मला वाटलं टोमणा आहे. मी ओशाळं हसलो आणि आत गेलो. कार्ड बॅटरीच्या पेटीवर खिळ्याला टांगलेलं होतं.

सातही ओळी भरलेल्या होत्या.

तारखा होत्या, रीडिंग होती, सह्या होत्या. सह्या माझ्या. नावाखाली मी एक रेघ मारतो आणि रेघ संपताना पेन उचलायला विसरतो, त्यामुळे शेवटी एक शेपटी उठते. सातही सह्यांना ती शेपटी होती. मी पिशवीतून रजिस्टर काढलं. तारखा त्याच! ढाब्यावर बसून मी मनानं ठोकलेल्या तारखा... त्या मला सोडून कुणालाच माहीत नव्हत्या. रजिस्टर माझ्या पिशवीतून बाहेर गेलं नव्हतं.

फक्त आकडे वेगळे होते. माझ्याकडं सगळीकडं १२४०. कार्डावर पहिल्या महिन्यात १२२०, मग १२१०, ११९०... उतरत उतरत शेवटी ११५०. आणि माझ्याच अक्षरात शेरा — 'सेल नं. ४ कमजोर, ११२०.'

मी पेटी उघडली. सात महिने पाणी न घातलेल्या बॅटरीच्या प्लेटा उघड्या पडलेल्या असायला पाहिजेत. पाणी काठोकाठ होतं. टर्मिनलवर ताजं व्हॅसलीन. बाहेर जाऊन पॅनल बघितलं, लखलखीत पुसलेलं. परत आत येऊन हायड्रोमीटर बुडवला. चौथा सेल — अकराशे वीस.

"मावशी, दुसरं कुणी येत होतं का ऑफिसचं?"

"दुसरं कोन येतंय हितं? तुमीच की. पर एक इचारू का... आमच्यावर कावून रागावलाव? पयले लई बडबड करायचाव. आता तोंडातून सबुद न्हाई. म्या तांब्या दिला तर हातात धरून बसताव, आन् जाताना तसाच भरलेला ठिवून जाताव. पानी बी पेत न्हाई आमच्या घरचं!"

सुमन म्हणाली, "मागच्या बारीला बोलले की, आये."

"व्हय, तेवढंच बोललाव. म्हनलाव, बॅटरी थकली, पोरीच्या बाळंतपनाच्या आदी नवी आनून देतो." गयाबाईंनी सुमनच्या पोटाकडं बघितलं. "बघा लेकरा, इसरू नका. चिमनीच्या उजेडात रगत काळंच दिसतंय. कितीक चाललंय ते कळत न्हाई. माजी थोरली अशीच गेली, ह्याच खोलीत. म्या सुईण आसून मला दिसलं न्हाई."

एवढं सांगून त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला. उन्हात डोंगर चढून आलो होतो, मी घटाघटा प्यायलो. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "आज पेलाव," म्हणाल्या.

खिशातली तिन्ही पेनं तशीच घेऊन मी डोंगर उतरलो. ते दोन दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. माझ्या रजिस्टरप्रमाणे गयाबाईंची बॅटरी ठणठणीत होती, तिला नवी मिळणं शक्यच नव्हतं. नवी मिळवायची तर सात महिने खोटं लिहिलं हे कबूल करायला पाहिजे, म्हणजे काम गेलं. गप्प राहायचं तर साहेबांना दुसऱ्याच घरांकडं फिरवता आलं असतं, आठ दिवस निघून गेले असते... आणि सुमनचे दिवस भरले होते.

सोमवारी साहेबांची जीप ढाब्यावर थांबली. त्यांनी चहाचा कप तोंडाला लावायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. साहेब लाल झाले. "कार्ड दाखव आधी," म्हणाले, आणि धापा टाकत डोंगर चढले. वर त्यांनी कार्ड आणि रजिस्टर शेजारी धरलं, स्वतः हायड्रोमीटर लावला.

"कार्ड बरोबर आहे. ही सही कुणाची?"

"माझी."

"अक्षर?"

"माझंच आहे, साहेब. पण मी आलो नव्हतो."

त्यांनी गयाबाईंना विचारलं. "येतेत की, दर म्हैन्याला," त्या म्हणाल्या.

साहेब माझ्यावर खेकसले. "उन्हात डोकं फिरलंय तुझं. रीडिंग घ्यायचं आणि रजिस्टरमध्ये उतरवताना झोपायचं! बॅटरी उद्या घेऊन जा. पुन्हा असं झालं तर घरी बस."

आयुष्यात पहिल्यांदा इतकं खरं बोललो होतो आणि तेच कुणी मानलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजेला बॅटरी बांधून मी आणि ढाब्यावरची दोन पोरं अशा तिघांनी ती वर नेली. बॅटरी बसवली, ट्यूब लावून बघितली. भरदिवसा त्या खोलीत पांढरा उजेड पडला तेव्हा सुमन लहान पोरीसारखी हसली.

चार दिवसांनी रात्री ती बाळंत झाली. मुलगा. रक्तस्राव थांबेना, पण या वेळी ट्यूबच्या उजेडात गयाबाईंना दिसलं. त्यांनी वेळेत खालच्या वाडीतली माणसं बोलावून बाज उचलायला लावली आणि खाली दवाखान्यात नेलं. दोघंही वाचली. निरोप आला तेव्हा मी बीडमध्ये एका गच्चीवर डिश फिरवत होतो. तिथंच खाली बसलो आणि रडलो. घरमालकीण घाबरून चहा घेऊन आली.

पुढच्या महिन्यात वर गेलो आणि गयाबाईंना सांगितलं, "मावशी, ते सात महिने मी आलोच नव्हतो. फसवलं तुम्हाला. ते कोण होतं, मला माहीत नाही."

वाटलं होतं घाबरतील, नाहीतर शिव्या घालतील. त्यांनी एकदा भिंतीवरच्या कार्डाकडं बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "तरीच पानी पेत नव्हते." आणि उठून आत गेल्या, तांब्या भरून आणला.

मी खूप डोकं चालवलं आहे. कुणी माझी नक्कल केली म्हणावं, तर त्याला तारखा कशा कळल्या? मीच झोपेत चालत गेलो म्हणावं, तर त्या तारखांना मी कुणाच्या गच्चीवर होतो ते माझ्या डायरीत आहे. दोन घरी जाऊन विचारूनही आलो. गयाबाई खोटं बोलल्या म्हणावं, तर त्यांना अक्षरओळख नव्हती, हायड्रोमीटर तर लांबच. मीटर लावायला जागाच सापडत नाही. जो कुणी येत होता, त्यानं माझं काम माझ्यापेक्षा नीट केलं आणि सही मात्र माझी ठेवली.

डोंगरावर वीज येईपर्यंत मी एक महिनाही चुकवला नाही. दर वेळी विचारायचो, "माझ्या आधी कुणी येऊन गेलं का?" नाही म्हणायच्या. शेवटी पॅनल काढायला गेलो तेव्हा सुमनचा मुलगा शाळेत जायला लागला होता, आणि गयाबाईंना धड दिसत नव्हतं. ते कार्ड मी मागून घेतलं, आजही माझ्या कपाटात आहे.

त्या दिवशीही पेटीला हात लावायच्या आधी त्यांनी चाचपडत तांब्या पुढं केला. "पेऊन घ्या आदी," म्हणाल्या. दिसत नव्हतं, म्हणून कान माझ्याकडं करून बसल्या. शेवटचा घोट घशाखाली उतरेपर्यंत मी तांब्या तोंडाचा काढला नाही.