थोडंसं येतं म्हणणाऱ्या बाईंच्या स्की

गिऱ्हाईक विनयाने खोटं बोलतंय असं समजून मी एकदा एका बाईंना उभ्या धरल्या तर त्यांच्या डोक्यापर्यंत येणाऱ्या, फळीसारख्या कडक स्की विकल्या. बाई खरं बोलत होत्या.

मी तेव्हा मँचेस्टरच्या एका स्की शॉपमध्ये प्रोबेशनवर होते. बर्फाचं मला शष्प कळत नव्हतं. ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं पाठ केलं होतं, आणि तेवढ्यावर मी स्वतःला एक्स्पर्ट समजत होते. बायकांच्या ऑल-माउंटन स्की हे माझं खातं. ऑल-माउंटन म्हणजे कुठेही चालणाऱ्या: दाबून गुळगुळीत केलेल्या उतारावर, उकरलेल्या ढिगांवर, ताज्या भुसभुशीत बर्फातही. स्कीची कंबर, म्हणजे बुटाखालची रुंदी, अरुंद असली तर कडक बर्फावर चटकन वळते. रुंद असली तर मऊ बर्फात बुडत नाही. ऑल-माउंटन या दोन्हींच्या मधल्या. नवशिक्या बाईला त्यातल्या आखूड आणि लवचिक द्यायच्या. त्यासाठी विचारायचं एवढंच, की तुम्हाला कितपत येतं?

त्या बाई म्हणजे वृंदाताई, भूल देणाऱ्या डॉक्टर. त्यांच्या डिपार्टमेंटची मंडळी दरवर्षी आल्प्सला जायची आणि ताई मात्र खाली कॅफेत सगळ्यांच्या बॅगा सांभाळत बसायच्या. यंदा इनडोअर स्लोपवर शिकल्या होत्या. एकदा तरी सगळ्यांबरोबर वरून खाली यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"कितपत येतं तुम्हाला?"

"थोडंसंच. काही खास नाही हो."

मी मनात हसले. आपल्यात 'थोडंसं गाते' म्हणणाऱ्या बाईंना माइक दिला की परत मिळत नाही. 'साधाच स्वयंपाक केलाय' म्हणजे ताटात जागा उरत नाही. तेव्हा बाई पोचलेल्या दिसतात.

"खरंच, वळताना पडते मी."

"असू दे हो ताई," म्हणत मी भिंतीवरची सगळ्यात लांब जोडी काढली.

बाइंडिंग, म्हणजे पडल्यावर बूट सोडून देणारी पकड, डेव्ह सेट करायचा. माझा मॅनेजर. त्याने ताईंनी भरलेल्या फॉर्मकडे पाहिलं, मग स्कीकडे, मग माझ्याकडे. "फॉर अ बिगिनर?"

"शी इज बीइंग मॉडेस्ट," मी त्याच्या कानात म्हटलं.

दुकानात गर्दी होती, त्याने वाद घातला नाही. पण सेटिंग मात्र बिगिनरचंच, म्हणजे पटकन सुटणारं, लावलं. मला त्याची कीव आली. इंग्रज माणूस, याला काय कळणार आपला विनय. वृंदाताईंचे पाय शाबूत राहिले ते या सेटिंगमुळे.

ट्रिपहून परतल्यावर त्या स्की खांद्यावर टाकून दुकानात आल्या. पहिल्याच वळणाला स्की वळल्या नव्हत्या. ताई सरळ खाली गेल्या आणि लहान मुलांच्या क्लाससमोर जाळीत अडकल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढे ट्रिपभर कॅफे आणि बॅगा.

"मी सांगितलं होतं तुम्हाला," त्या शांतपणे म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

डेव्हने आत बोलावलं. "व्हाय डिड्न्ट यू बिलीव्ह हर?"

मी माइकवाल्या बाईंपासून सुरुवात केली. त्याने हात वर केला. "स्वॅप देम. अँड गो विथ हर."

इनडोअर स्लोपवर मी त्यांच्याबरोबर बर्फात कुडकुडत उभी राहिले. एकेक जोडी ट्राय केली, आणि प्रत्येक वेळी त्या जे म्हणाल्या ते निमूट ऐकलं. शेवटी हनुवटीपर्यंत येणारी, मऊ, टोकाला जरा वर उचललेली जोडी मिळाली. ती वळली. वृंदाताई पडल्या नाहीत.

ईस्टरला त्या पुन्हा गेल्या आणि सगळ्यांबरोबर वरून खाली आल्या. बॅगा कोणी सांभाळल्या, मी विचारलं नाही. माझी नोकरीही टिकली. गिऱ्हाईक स्वतःबद्दल सांगतं ते खरं धरावं, एवढा धडा घेऊन मी पुढे रिटायर होईपर्यंत स्की विकल्या.

त्या ईस्टरनंतर वृंदाताईंनी मला जेवायला बोलावलं. श्रीखंड-पुरी होती. श्रीखंड दुसऱ्यांदा आलं तेव्हा मी रीतीप्रमाणे वाटीवर हात धरला. "नको नको, पुरे." आणि आग्रहाची वाट पाहू लागले.

त्यांनी भांड्याला झाकण लावलं आणि ते फ्रिजमध्ये ठेवून दिलं. मी फ्रिजच्या दाराकडे बघत राहिले.

"नको म्हणालात ना?" वृंदाताई म्हणाल्या. "मला कोणी काही सांगितलं, की मी ते खरं मानते हो."