कडता

नशिराबादेत माझ्या मामेसासऱ्यांइतका दुसऱ्यांच्या पोरांच्या ताटात नाक खुपसणारा माणूस त्यांच्या आधी झाला नाही आणि त्यांच्यानंतरही व्हायचा नाही. हे मी आज शांतपणे लिहिते आहे. पण ज्या काळातली ही हकिगत आहे, त्या काळात त्यांची काठी अंगणात वाजली की माझ्या कपाळाची शीर उडायची. माणूस कुणाच्या घरी गेला तर आधी पाणी पितो, पावसापाण्याचं विचारतो. हे उंबरठ्यातूनच विचारायचे, "धाकल्यानं काय खाल्लं?" घरात आजारी माणूस असो की पाहुणा आलेला असो, त्यांना फक्त पाच वर्षांच्या आतलं पोर दिसायचं. दिसलं की त्याचा दंड अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरायचे, डोळे मिटायचे आणि हुंकार द्यायचे. जन्मभर त्याच बोटांनी त्यांनी कापसाचा धागा ओढून पाहिला होता. एका लग्नात त्यांनी वरपक्षाच्या एका मानकऱ्याच्या नातवाचा दंड असाच धरला आणि भर मांडवात सांगितलं, की घरात एवढी दुभती जनावरं असून पोर असं वाळकं का? मानकरी रुसले, आणि त्यांना समजावता समजावता आमच्या घरच्या पुरुषांच्या तोंडाला फेस आला. मामा मात्र तोवर दुसऱ्या पोराच्या दंडाशी पोचले होते.

ते सासूबाईंचे सख्खे थोरले भाऊ, मूळचे बोदवडचे. धुळ्याला सरकी काढायच्या एका जिनात तीस वर्षं काटेवाले होते, म्हणजे गाडीवानांनी आणलेला कापूस काट्यावर चढवायचा आणि वजन पुकारायचं. म्हातारपणी एकटे पडले तेव्हा आमच्या घरच्यांनी त्यांना आणून समोरच्या खोलीत ठेवलं. सामान म्हणजे एक वळकटी, एक पितळी तांब्या आणि एक भला मोठा तराजू. तो तराजू पाहूनच मला समजायला हवं होतं.

आमच्याकडे धडधाकट पोराला कुणी तोलत नाही. तोललं की नजर लागते, वाढ खुंटते, असं सगळ्या बाया मानत. मीही मानत असे. फक्त नवसाचं पोर असलं तर त्याची गुळाची तुला करायची, ती देवासमोर. मामांनी यातूनच वाट काढली. आपण देवाला बोललो आहोत, असं त्यांनी गावात सांगितलं, की दर पुनवेला गावातल्या सगळ्या लहान पोरांची गुळतुला करीन. कुठल्या देवाला बोललात, असं विचारलं तर आभाळाकडे हात दाखवायचे. मग मारुतीच्या पारावर, लिंबाच्या फांदीला तो तराजू टांगायचा, एका पारड्यात टोपलीत पोर, दुसऱ्यात गुळाची ढेप आणि कमीजास्त वजनं. नंतर प्रत्येक पोराच्या हातावर गुळाचा खडा. गुळापायी पोरं ओढ घ्यायची आणि पोरांपायी आयांना जावं लागायचं. देवाच्या नावाखाली एवढी लबाडी मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

आणि वजन गुपचूप पाहून गप बसतील तर शपथ. जिनातला गळा तसाच शाबूत होता. ओल्या कापसाचं, मातीकचऱ्याचं वजन कापून घेतात त्याला कडता म्हणतात. मामा पोरांनाही कडता लावायचे. हातातल्या कड्यांचा, पायातल्या वाळ्यांचा, कमरेच्या साखळीचा, ओल्या झबल्याचा सुद्धा. "बारा शेर! कडता आधा शेर! राह्यले साडेअकरा!" हे वेशीपर्यंत ऐकू जायचं. पाटलाची सून एकदा लेकाला नखशिखांत चांदीने मढवून घेऊन आली, तर मामांनी तिथेच एकेक दागिना उतरवून तिच्या ओंजळीत दिला आणि उरलेलं पोर तोललं. ती बाई पुढे तीन पुनवा फिरकली नाही.

घराघरातल्या जेवणाच्या रीतीवर तर त्यांचा जन्माचा राग. आधी पुरुष, मग शाळेत जाणारे मुलगे, मग उरलेल्या वरणात पाणी घालून धाकटी पोरं, हे आमच्याकडे सगळीकडेच चालायचं. दूध चहाच्या दुकानांना जळगावला जायचं, तूप पाहुण्यांसाठी शिंक्यात. भाऊबीजेला सासूबाईंनी त्यांना ओवाळलं, ताट वाढलं, तर हे हात बांधून बसले. पोरं जेवल्याशिवाय घास घ्यायचा नाही, म्हणे. सासूबाईंनी खूप विनवलं, शेवटी त्या संतापून मागच्या दारी जाऊन बसल्या. पण हा गृहस्थ हलला नाही. शेवटी पाच पोरांच्या पंगतीत पुरणाची पोळी कुस्करून, वर आमचं जपून ठेवलेलं तूप ओतून यांनी स्वतः वाढलं आणि मग आपण जेवले. त्या तुपाचं मला आठवडाभर वाईट वाटत होतं.

केळ्यांवरून तर बहीणभावांचा रोजचा वाद. आमच्या मळ्यातल्या घडांच्या गाड्या जळगावच्या स्टेशनावर जायच्या, आणि घरातल्या लहान पोरांना केळ्याची साल दिसली तर दिसली. सासूबाईंचं म्हणणं ठरलेलं, "केयानं पोराची छाती भरते." मामा विचारायचे, "परमुलखात गाडी भरून जातेत, तिथल्या पोरायची नाही भरत?" सासूबाई तरीही केळं द्यायच्या नाहीत. मी सासूबाईंच्या बाजूची होते. घरात राहायचं तर दुसरी बाजू मला कुठे होती?

आता माझ्या शकूचं सांगते, कारण माझा खरा राग तिथला आहे. शकू माझी पहिली मुलगी, दोन वर्षं उलटून गेलेली. गोरी, गप्प, कुणाला त्रास न देणारी. वेचणीच्या दिवसांत वीस माणसांच्या भाकरी बडवताना मला ती कधी आडवी आली नाही. सूप ठेवल्यासारखी ठेवावी तिथे पडून असायची. सगळे म्हणायचे, किती शहाणं पोर. आणि या शहाण्या पोरीचं वजन मामांनी भर पारावर पुकारलं, आठ शेर! तिच्या मागून माझ्या जावेचा मुलगा बसला. तो तिच्याहून दोन महिन्यांनी धाकटा, आणि भरला अकरा शेर. जावेने नुसता पदर सारखा केला. तेवढं मला पुरलं. शकू पुढच्या पुनवेलाही आठच, त्यापुढच्या पुनवेला पावणेआठ. मामेसासऱ्यापुढे मी तोंड उघडायची नाही, डोक्यावरचा पदर खाली यायचा नाही. त्यामुळे सगळा संताप मी भाकरीच्या पिठावर काढायची. माझी पोर का कापसाची गाठडी आहे, असं मनात हजारदा विचारून झालं.

मग पौषातल्या पुनवेला मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. थंडी होती, शकूला कुंची घालायचीच होती. त्या कुंचीच्या पाठीवरच्या झुलीला मी आतून अस्तर लावलं आणि त्यात सासूबाईंचा जुना, जाडजूड लोखंडी अडकित्ता शिवून टाकला. सकाळभर सासूबाई अडकित्ता शोधत होत्या, सुपारीवाचून जीव कासावीस झाला होता, आणि मी त्यांच्याबरोबर डबे उघडून पाहत होते. पारावर मी ताठ मानेने गेले. मामांनी शकूचे वाळे काढले, टोपलीत ठेवायला तिला उचललं आणि त्यांचा हात कुंचीच्या पाठीवर क्षणभर थांबला. ते माझ्याकडे पाहतील असं वाटलं, पण त्यांनी पाहिलं नाही. काटा स्थिर झाला तसा नेहमीचा गळा लावून पुकारलं, "साडेआठ शेर! कडता एक शेर! राह्यले साडेसात!"

वाळे काढल्यावर एक शेर कडता कशाचा, हे कुणी विचारलं नाही. समजलं ते फक्त मला. मग गूळ चघळून होईपर्यंत शकूला त्यांनी आपल्याच कडेवर ठेवलं. घरी येऊन कुंची उलटी केली तर अस्तर उसवलेलं आणि आत काही नाही. दुपारी दाराआडून ओसरीवर पाहते तो मामा त्याच अडकित्त्याने सुपारी कातरत बसलेले, आणि सासूबाई त्यांच्यावर तोफ डागताहेत, की न विचारता माझी वस्तू नेलीस कशी, म्हातारपणी ही कसली खोड. त्यांनी सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. सासूबाई आत गेल्या, आणि जे आमच्या घरात कधी झालं नव्हतं ते झालं. मामा दाराआडच्या माझ्याशी थेट बोलले.

"कापसाले पानी मारनारे मी तीस वरीस पाह्यले, माय. त्यायले भाव तरी मियत होता. तुले काय मियालं?"

त्यांनी हळूच विचारलं, पोर दिवसभर निजते कशाने. मी पदराच्या टोकाची गाठ सोडून पुढे केली. त्यात त्या दिवसाची गोळी होती, बाजरीच्या दाण्याएवढी. ठेक्याच्या दुकानातली अफू सासूबाई आणायच्या, शकू तीन महिन्यांची असल्यापासून. घरोघर देत. मला कुणी ते वाईट सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

मामा चिडतील असं वाटलं होतं. ते भिंतीला टेकून बसले आणि जिनातल्या भिंतीचं सांगू लागले. सरकी निवडायला येणाऱ्या बाया पोरांना त्या भिंतीच्या सावलीत निजवत. नोकरीच्या शेवटच्या वर्षी एके दुपारी गाड्या नव्हत्या, तेव्हा मामांनी गंमत म्हणून तीन वर्षांचं एक निजलेलं पोर पारड्यात ठेवलं. ते वर्षाच्या पोराएवढंही भरलं नाही, आणि उचलताना जागंही झालं नाही. त्याच्या आईला विचारलं तर ती धुळ्याकडची बाई साधेपणाने म्हणाली, "गोळी दिनी की पोर नीजी ऱ्हास, आबा. नही ते मी काम कसं करू?"

"मी रोज म्हनो, कशी शहानी पोरं," मामा म्हणाले. "तीस वरीस म्हनलो. त्यायले भूकच लागत नव्हती, माय. म्हनून गप होते."

गोळी त्यांनी चुलीत टाकली. त्यानंतरचे आठ दिवस आमच्या घराने जे सोसलं ते शत्रूवर येऊ नये. शकू रडली. जन्मात न रडलेली पोर एकदम सगळ्या दिवसांचं रडली. घाम, उलट्या, हातपाय झाडणं. सासूबाई म्हणाल्या, "तुह्या काट्याची नजर लागली माह्या नातीले," आणि एकदा नवी गोळी घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांच्या आणि शकूच्या मध्ये उभी राहिले. माझ्या अंगात एवढं बळ कुठून आलं ते मला ठाऊक नाही. बहुतेक साठवलेला राग कामी आला. दिवसभर मामा तिला खांद्यावर टाकून अंगणात येरझारा घालायचे. गावाने वजन पुकारताना ऐकलेला गळा आता कसलं तरी बेसूर गाणं म्हणायचा. दर थोड्या वेळाने दुधात कुस्करलेलं केळं बोटावर घेऊन तिच्या ओठांना लावायचे. ती थुंकायची, हे धोतराला पुसायचे, पुन्हा लावायचे. नवव्या दिवशी मी भाकरी थापत असताना मागून कुणीतरी माझं लुगडं ओढलं. शकू होती. परातीकडे बोट दाखवून म्हणाली, "मले." मी पिठाच्या हातानेच तिला उचललं आणि पुढच्या भाकरीचा कोळसा झाला.

माघाच्या पुनवेला ती आठ शेर भरली. कडता नाही. होळीला तिने जावेच्या मुलाला चावून त्याचा शेंगदाण्याचा लाडू हिसकावला, तेव्हा सासूबाईंनी तिला रागावण्याऐवजी आणखी एक दिला. केळ्याबद्दल त्या कधी हरल्या नाहीत, फक्त घड उतरवताना एक फणी कोनाड्यात विसरू लागल्या.

मामा पुढे चार वर्षं होते. शेवटी खाटेवरून उठवेना, तेव्हा शकूला जवळ बोलावून तिचा दंड चिमटीत धरायचे. अंगठा आणि बोट एकमेकांना टेकायची नाहीत, आणि ते हसायचे. ते गेल्यावर तराजू मागायला कुणी आलं नाही. तो आमच्या माळ्यावर आहे. पुनवेला पार मोकळा असतो. सुरुवातीला पोरं गुळासाठी जमायची, मग तीही यायची बंद झाली. तराजू काढून बसावं असं मला अनेकदा वाटलं, पण भर गावात पुकारायला बाईमाणसाला गळा कोण देणार?

गेल्या महिन्यात जळगावच्या बाजारात एक बाई शेजारी बसली होती, मांडीवर पोर. पोर फार गप्प होतं. माझा हात केव्हा पुढे गेला ते मला कळलंच नाही. अंगठा आणि बोट त्याच्या दंडाभोवती सहज मिळाले. बाईने माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या तोंडात मारायचीच बाकी ठेवली. तो राग मी ओळखला. मी पदर मागे सारला, तिच्याकडे सरकून बसले आणि विचारलं, "याने सकाळपासून काय खाल्लं?"