कडब्यामागची गाडी

त्या केसमधला अगरबत्तीचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. मी दहावी नापास माणूस. शिपाई म्हणून भरती झालो, सहाय्यक फौजदार होऊन घरी आलो. लिहायची सवय ती स्टेशन डायरीची. म्हणून जसं घडलं तसं लिहितो. नाव कुणाचंच देत नाही.

मी तेव्हा लातूर जिल्ह्यातल्या एका ठाण्यात होतो. मुरुडकडच्या एका म्हाताऱ्याचा मुलगा जर्मनीत नोकरीला. त्याची तक्रार मेलवर आली. एकट्या बापाला दवाखान्यात जायला सोय व्हावी म्हणून त्यानं तिकडं बसून इथली जुनी गाडी घेतली होती. महिनाभर फोनवर गाड्या बघितल्या. नांदेडचा गाडीवाला मोबाईल धरून गाडीभोवती फिरायचा, हा तिकडून सांगायचा, बॉनेट उघडा, टायर दाखवा, इंजिनचा आवाज ऐकवा. शेवटी एक पांढरी गाडी पसंत केली, पैसे पाठवले. गाडीवाला म्हणे, मी स्वतः नेऊन दिली. बाप म्हणे, गाडी आलीच नाही.

गाडीवाल्याला ठाण्यात बोलावलं. दोन दिवस बाकड्यावर बसवला.

"पोचपावती कुठाय?"

"न्हाई घेतली साहेब. म्हाताऱ्यानं सोत्ता भाकर थापून पिठल्यासंगं जेवू घातलं. जेवलेल्या घरात सही कशी मागू?"

"धंदा करून राहिला का पाहुणचार?"

"कसम से साहेब. भाकर एका बाजूनं करपली होती, तरी दोन खाल्ल्या."

खोटं बोलणारा माणूस भाकर चांगली होती म्हणतो. करपलेली सांगत नाही. मला तिथंच म्हाताऱ्याबद्दल शंका आली. पण वरिष्ठांचा हुकूम पक्का होता. फिर्यादी मुलगा दसऱ्यानंतर येतोय, त्याचा जबाब घ्या आणि याला आत टाका. गाडीवाल्याची बायको डबा घेऊन फाटकाशी उभी असायची.

खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजा झाली. रायफलींना कुंकू लावलं, पेढा खाल्ला आणि मोटारसायकल काढून मी म्हाताऱ्याच्या शेतातल्या घरी गेलो. विळा, कुऱ्हाड, खोरं, पाण्याची मोटार, सगळं धुऊन मांडलेलं. हळदकुंकू, झेंडूची फुलं. म्हाताऱ्यानं चहा ठेवला. मी बाजेवर बसलो, तर कडब्याच्या गंजीमागून बारीक धूर येताना दिसला. वास अगरबत्तीचा. शेतकरी कडब्याजवळ विडीसुद्धा ओढत नाही.

"आप्पा, कडब्याची पूजा कवापासून करायला लागले लोक?"

म्हातारा चहा गाळत होता. हात थांबला.

गंजीमागं ताडपत्री, तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या. ओढून काढल्या. पांढरी गाडी. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार. गाडी लपवली त्यानं, पण खंडेनवमीला तिला बिनपूजेची ठेवणं काही जमलं नाही.

"तुमच्या हातची भाकर खाल्लेल्या माणसाला आम्ही आत टाकत होतो, आप्पा."

"चुकलं साहेब. त्याच्या पाया पडतो." मग बॉनेटवरचा हार सरळ केला. "पोरगं म्हणालतं, दिवाळीला येतो, दोघं मिळून नांदेडला जाऊ, तुम्ही म्हणाल ती गाडी घेऊ. तीन दिवाळ्या हेच म्हणालं. मग गाडीच धाडून दिली. आता त्यानं यावं कशाला? केस झाली तवा कुठं तिकीट काढलं."

तिथूनच मुलाला फोन लावला. "गाडी सापडली. ताब्यात घ्यायला या."

"आप्पांच्या ताब्यात द्या की साहेब. मग मी आता..."

"त्यांच्याच ताब्यात हाय. पहिल्या दिवसापासून. म्हणून तर या."

मग म्हणाला, "तिकीट रद्द करत न्हाई."

म्हाताऱ्यावर खोट्या माहितीचा गुन्हा लागला असता. पण म्हाताऱ्यानं ठाण्यात येऊन सगळ्यांदेखत हात जोडले आणि गाडीवाल्यानंच तक्रार नाही म्हणून लिहून दिलं. जाता जाता म्हणाला, "आता जेवायच्या आधी सही घेत जातो." मुलगा आला. मुरुडच्या बाजारात मी बापलेकाला बघितलं. मुलगा चालवत होता, म्हातारा काच खाली करून दिसेल त्याला हाक मारत होता. बॉनेटवर तोच हार होता, वाळलेला.

हे मी घरी बायकोला सांगितलं. ती ताट वाढत होती. म्हणाली, "मला सुचलं न्हाई हे. आपल्या घरात एखादी चोरी झाली असती, तर पंचनाम्याला तरी तुम्ही दिवसाउजेडी आला असता."

मी हसलो. ती हसली नाही.

ती जाऊन दीड वर्ष झालं. नोकरीभर मी लोकांना विचारत आलो, माल कुठं गेला, कुणी नेला. कुणाची वाट बघताय, हे कधी विचारलं नाही. ठाण्यातही नाही, घरातही नाही. आता दिवसभर घरीच असतो. भाकर मीच थापतो. एका बाजूनं करपते.