घेवड्याचं पातेलं

नॉटिंगहॅमला मी नवऱ्याच्या व्हिसावर आले, म्हणजे तो ऑफिसात आणि मी खिडकीत. एका रविवारी दुपारी गल्लीच्या टोकाच्या चर्च हॉलमधून पत्रा घासल्यासारखा आवाज आला, आणि तोही तालात. भोचकपणा माझ्या अंगात पहिल्यापासूनच आहे. थेट आत गेले.

आत सहा-सात पेन्शनर मंडळी वाजवत होती. अकॉर्डियनवर सत्तरीचे एक उंच कृष्णवर्णीय गृहस्थ होते. मूळचे अमेरिकेतल्या लुइझियानाचे, तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्रिओल लोकांपैकी. तरुणपणी हवाई दलातून इकडे आले, इथल्या एका नर्सशी लग्न केलं आणि इथलेच झाले. ती आता हयात नव्हती. हे काय वाजवताय, असं विचारल्यावर म्हणाले, "झायडेको. आमच्या गावचं नाचाचं संगीत." मग पन्हळी पत्र्याचं एक जाकीट उचलून त्यांनी माझ्या खांद्यांवर अडकवलं आणि हातात दोन चमचे दिले. "घास," म्हणाले. तू कोण, कुठली, तुला येतं का, काही नाही. त्यांच्या गावी घरातलं सामान अंगणात काढून नाच व्हायचे, आणि दारात आला तो आपला, अशी रीत होती.

महिन्याभरात मी त्यांना काका म्हणायला लागले. त्याचा अर्थ सांगितला तेव्हा ते फार खूश झाले. झायडेको हे नावच घेवड्याच्या शेंगांच्या फ्रेंच शब्दावरून पडलं, असं ते सांगायचे. भाजीत चवीला टाकायला खारवलेल्या मांसाचा तुकडाही नाही, असे दिवस त्यांच्या लोकांनी नाचत काढले होते.

दिवाळीला आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी काकांचं आणि माझं नाव दिलं. माझी आई पाळणा म्हणायची, त्याची चाल काकांनी सहा रविवार खपून अकॉर्डियनवर बसवली. आधी सावकाश, मग एकदम नाचरी. माझ्या लोकांचं गाणं त्यांच्याचसमोर वाजवायचं, म्हणून त्यांनी नवा शर्टही घेतला.

मग मंडळातल्या एका बाईंचा फोन आला. "अगं, आयडिया छान आहे, पण आपला प्रोग्रॅम कल्चरल आहे ना! आणि ते तुझे काका... म्हणजे, लोकांना जरा ऑड वाटेल गं. तू सोलो भावगीत म्हण, बेस्ट!"

ऑड म्हणजे काय ते मला चांगलं कळलं होतं. भांडायला हवं होतं. एरवी भाजीवाल्याशी पावशेरावरून भांडणारी मी तेव्हा मूग गिळून बसले. त्या शहरात मराठी बोलणारी तेवढीच माणसं होती, आणि त्यांनी मला बोलवत राहावं असं मला वाटत होतं. एवढंच. भ्याडपणाला याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं.

काकांना फोन करून सांगितलं, हॉल मिळाला नाही, कार्यक्रमच रद्द झाला.

"अरेरे," ते म्हणाले, "तुमचा सणच गेला की!"

कार्यक्रमाच्या रविवारी दुपारी मी पैठणी नेसून भावगीत म्हटलं. टाळ्याही पडल्या. संध्याकाळी आम्ही दोघं घरी आलो तर दारात झाकलेलं पातेलं होतं. आत बटाटा घालून केलेली घेवड्याची भाजी, आणि वर चिठ्ठी: 'मांस नाही, चरबीसुद्धा नाही. पातेलं दोनदा घासलंय. सण कोरडा जायला नको.'

नवरा म्हणाला, "आत्ताच्या आत्ता जा आणि खरं सांग." मी म्हटलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी पातेलं परत करायला निघाले. रिकामं भांडं परत देऊ नये, म्हणून घरच्या चकल्या भरल्या. खाली तेल टिपायला कागद हवा, तो कालच्या पिशवीतून हाताला लागला तसा अंथरला. त्यांच्या दारात पातेलं देताना मान वर करायची माझी हिंमत झाली नाही. खरं काय ते सांगितलंच नाही.

पुढच्या रविवारी काकांनी अकॉर्डियनची पेटी उघडली. आत तेलाचे डाग पडलेला एक कागद नीट घडी करून ठेवला होता. आमच्या मंडळाची कार्यक्रमपत्रिका. इंग्रजीतून तारीख, हॉलचा पत्ता, आणि चौथ्या क्रमांकावर माझं नाव.

काकांनी नेहमीसारखं जाकीट माझ्या खांद्यांवर अडकवलं, पट्टा सारखा केला. तेवढ्यात ड्रमवाल्या आजोबांनी मला विचारलं, "काय गं, तुमचा दिवाळीचा कार्यक्रम कसा झाला?"

मी चमचे शोधू लागले. काकांनीच उत्तर दिलं.

"रद्द झाला. बिचाऱ्यांना हॉलच मिळाला नाही."

सगळे हळहळले. आणि मी मान डोलावली.